मोतद्दाराचा नातू

ज्यांच्याकडून मी एका धावपटूची सगळी हकीकत ऐकली, ते गृहस्थ स्वतः बससाठीसुद्धा कधी पळाले नाहीत.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी पुण्याहून सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक करायला आले होते आणि ओळखीच्या एका बाईंनी बेडोकमधल्या एका मराठी कुटुंबात मला खोली मिळवून दिली होती. घरमालक एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर घ्यायला आले. उंच, सडपातळ, पन्नाशी ओलांडलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. माझ्या बॅगांपैकी जड होती ती त्यांनी घेतली. समोर बस उभी होती, दार उघडं होतं. मी पळत सुटले. दारापाशी पोहोचून मागे पाहते तर हे आपल्या त्याच चालीने येत होते. ड्रायव्हरने जरा वाट पाहिली, दार लावलं आणि बस गेली.

"गेली की काका," मी म्हटलं.

"दुसरी येईल," ते म्हणाले. "तुम्ही पळालात कशाला? आत्ताच एवढा प्रवास करून आलात."

त्यांच्याहून मी जवळजवळ पंचवीस वर्षांनी लहान, तरी ते मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाले. सगळ्यांनाच म्हणत. दुकानदार, सफाईवाले, टॅक्सीवाले, कोणीही भारतीय भेटला की हिंदीतून 'आप'. एकेरी हाक फक्त मुलीला. आपल्या आजोबांना बाहेरच्या कोणी उभ्या जन्मात 'अहो' म्हटलं नाही, त्यामुळे घरात ही पद्धत पडली, असं त्यांनी मला नंतर कधीतरी भाजी चिरता चिरता सांगितलं. तेही अगदी साध्या सुरात, आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत असं सांगावं तसं.

पाया लेबार भागातल्या, पंप तयार करणाऱ्या एका कंपनीत ते डिझाइन इंजिनिअर होते. काकू एका बालवाडीत शिकवायच्या. मुलगी संघमित्रा, घरात नुसती मित्रा, सेकंडरी शाळेत होती. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीतून द्यायची. तेही इथल्या मुलांच्या इंग्रजीतून. घर लहान, नीटनेटकं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर काकूंनी रोज बदललेली फुलं आणि दाराशी बुटांचं कपाट. काका घराबाहेर चपला घालत नसत. खालच्या बाजारातून कोथिंबीर आणायची असली तरी मोजे, बूट, नाडी. बाजारातली ओली फरशी पाहून सगळे स्लिपर घालून जात, हे एकटे ऑफिसला निघाल्यासारखे.

न पळण्याबाबत त्यांचे नियम पक्के होते. एमआरटीचं दार बंद होताना जी घंटी वाजते ती ऐकली की लोक उड्या मारतात. हे जागच्या जागी थांबत आणि दार शांतपणे बंद होऊ देत. पाऊस आला तर आडोशाला थांबत. आडोसा नसला तर भिजत, पण त्याच चालीने. मित्रा चारपाच पावलं पुढे जाऊन मागे वळायची.

"बाबा, वॉक फास्टर, कॅन ऑर नॉट?"

"कॅनॉट," ते म्हणत.

एकदा त्यांच्या ऑफिसात आगीची रंगीत तालीम झाली. सगळा मजला खाली उतरून आवारात रांगेत उभा राहिला, हजेरी झाली, तरी हे नाहीत. बऱ्याच वेळाने जिन्यातून आले. तालमीचा प्रमुख तरुण चिनी मुलगा होता; तो वैतागून म्हणाला, खरी आग असती तर? काकांनी त्याला जिन्याच्या भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर पळू नका असंच लिहिलेलं होतं. हे आम्हाला त्यांनी नाही, त्यांच्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला आल्यावर सांगितलं. तेव्हा काका पोळी मोडत होते. "पाटी बरोबर होती," एवढंच म्हणाले.

'धावपळ' हा शब्द त्यांना चालत नसे. काकू म्हणाल्या की आज फार धावपळ झाली, की ते विचारत, "काम जास्त होतं का?" मग काकूंना "हो, काम जास्त होतं" असं म्हणावं लागे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. त्यांनी ते कधीच मान्य करून टाकलं होतं.

आणि अशा माणसाचा आवडीचा एकच विषय होता. लांब पल्ल्याची शर्यत.

रात्रीचं जेवण लवकर होई. त्यानंतर ते फिरायला निघत आणि मला वेळ असला की मी बरोबर जाई. त्या फिरण्यात त्यांच्या आजोबांची कहाणी तुकड्यातुकड्यांनी माझ्यापर्यंत आली. क्रमाने कधीच नाही. आज आजोबा म्हातारे असत, उद्या दहा वर्षांचे, परवा बोटीवर. मी ती जुळवून सांगते आहे. त्यांनी अशी सलग कधी सांगितली नाही.

आजोबांचं गाव नगरच्या लष्करी कॅम्पापासून जवळ. गावात त्यांच्या घराकडे महारकी होती आणि महारकीत पळणं होतं. सांगावा घेऊन पळायचं, कोणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी ती बातमी घेऊन पळायचं, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे वाट मोकळी करत पळायचं. त्याला मजुरी नव्हती. उरलंसुरलं भाकर-कोरड्यास मिळे. आजोबा पोरवयातच त्यात चांगले निघाले. मग त्यांच्या वडिलांनी विचार केला, पळायचंच आहे तर गावासाठी फुकट कशाला. आणि मुलाला कॅम्पात एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे मोतद्दार म्हणून लावून दिलं.

"मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा ना?" मी विचारलं होतं.

"खरारा, दाणापाणी, सगळं," काका म्हणाले. "पण खरं काम वेगळंच. साहेब घोड्यावर बसून निघाला की मोतद्दाराने मागून पळत जायचं. साहेब जिथे उतरेल तिथे त्याचा पाय जमिनीला लागायच्या आत लगाम धरायला हा हजर पाहिजे. म्हणजे घोडा पोहोचेल तेव्हाच याने पोहोचायचं. चार पाय आणि दोन पाय, एकाच वेळी."

आजोबा पुढे सांगत की घोड्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. तो जिथे श्वास सोडतो तिथे आपण सोडायचा. घोडा दमायला लागला की आधी श्वासात कळतं, साहेबाला फार उशिरा कळतं. आजोबांना शर्यतीत कोण कुठे मोडणार हे म्हणे मागून नुसतं ऐकून समजायचं.

साहेबाची सिंगापूरला बदली झाली आणि घोड्यासोबत मोतद्दारही बोटीत चढला. आजोबांना कुठे चाललोय हे ठाऊक नव्हतं. बोटीवर त्यांचा मुक्काम घोड्याच्या खणात. घोड्याला बोट लागली. आजोबांना नाही लागली, कारण घोड्याला सांभाळण्यात त्यांचं लक्ष गुंतलेलं होतं.

आम्ही बेडोकच्या समुद्राकडच्या बाजूला एका जुन्या रस्त्यावरून चालत असू. तिथे आल्यावर काका नेहमी थांबत. आजूबाजूला बंगले, कॉन्डो, गाड्या. समुद्र कुठेच दिसत नसे.

"पूर्वी पाणी इथपर्यंत होतं," ते म्हणत. "ते पलीकडचं सगळं भराव टाकून केलंय. आजोबा धावले तेव्हा उजव्या हाताला समुद्र होता. मग परत जाताना डाव्या."

शर्यत शहरातून निघून किनाऱ्याच्या रस्त्याने बेडोकपर्यंत यायची आणि परत शहरात. पलटणीतले शिपाई, बोटींवरचे खलाशी, क्लबातले गोरे तरुण, असे लोक उतरले होते. काकांच्या आजोबांचं नाव त्यांच्या साहेबाने घातलं. का घातलं? काकांच्या मते गंमत म्हणून. क्लबात बोलणं झालं असेल, माझा माणूस तुमच्या सगळ्यांना मागे टाकेल. आजोबांना फक्त सांगण्यात आलं की आज घोडा नाही, एकट्याने पळायचं.

"पहिल्यांदाच घोडा नव्हता," काका म्हणाले. "आजोबा म्हणायचे, सुरुवातीला कळेचना किती जोरात पळावं. मागून कोणाच्या तरी टापा ऐकू येतील असं वाटायचं."

ते अनवाणी होते. इथलं ऊन, इथली दमट हवा; बूटवाले एकेक करून नारळीच्या सावलीला बसायला लागले. वळायच्या जागी एक पिंप ठेवलेलं होतं, त्याला वळसा घालायचा. आजोबा वळेपर्यंत समोरून परत येणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यावरून त्यांना समजलं की आपणच पुढे आहोत. तोपर्यंत त्यांना ते माहीत नव्हतं.

"किती वेळात पूर्ण केली?" मी साहजिकच विचारलं. कोणीही विचारेल.

काकांचा चेहरा एकदम बंद झाला. मग म्हणाले, "घड्याळ साहेबाच्या खिशात होतं."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं. घरी आलेला प्रत्येक पाहुणा वेळ विचारायचाच आणि प्रत्येकाला हेच उत्तर मिळायचं.

आजोबा पहिले आले. दुसरा यायला बराच अवकाश होता. लोक जमले, काहींनी टाळ्या वाजवल्या. शर्यतीच्या पंचांपैकी एकाने साहेबाला कौतुकाने विचारलं, हा माणूस इतकं पळायला शिकला कुठे? आणि साहेब अभिमानाने म्हणाला, शिकायचं काय, रोज माझ्या घोड्यामागे पळतो, तेच त्याचं काम आहे.

त्या एका वाक्याने सगळं बदललं. ही शर्यत हौशी लोकांची होती. पळणं हे ज्याचं काम आहे, त्याबद्दल ज्याला पगार मिळतो, तो हौशी कसा? पंच आपसात बोलले. साहेबाने थोडा वाद घातला, मग सोडून दिला, कारण नियम तसा होता आणि पंच त्याच्याच क्लबातले होते. दुसऱ्या आलेल्या खलाशाला पहिला ठरवलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं; हे बोलणं त्यांना नंतर दुसऱ्यांकडून कळलं. ते बाजूला उभे होते. त्यांना वाटलं आपल्याला बोलावतील. खलाशाच्या हातात कप दिला तेव्हाही त्यांना वाटलं, हा दुसऱ्या नंबरचा असेल, आपला मोठा असेल.

"मग?"

"मग साहेबाने घोडा आणायची खूण केली," काका म्हणाले. "साहेब बसला. आजोबा मागून पळत घरी गेले. त्या दिवशी ते दोनदा धावले."

काका हे सांगताना आवाज चढवत नसत. साहेबाला शिवी देत नसत. एकदा मी चिडून काहीतरी बोलले तर म्हणाले, "साहेब वाईट नव्हता हो. त्याने कौतुकच केलं. कौतुकानेच घात झाला."

ते स्वतः सिंगापूरला का आले, हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, नोकरी मिळाली म्हणून. बेडोकलाच घर का घेतलं, तर बाजार जवळ आहे. काकू आतून म्हणाल्या, "बिशानला यापेक्षा छान फ्लॅट मिळत होता. शाळाही तिकडे चांगल्या. पण आम्हाला पिंपाजवळ राहायचं होतं." काका हसले नाहीत आणि नाकारलंही नाही.

माझ्या लॅबमधल्या एका मित्राला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, इथल्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर ठेवली आहेत, शर्यत झाली असेल तर कुठेतरी छापून आलीच असेल. मी उत्साहाने काकांना सांगितलं. ते बुटांना पॉलिश करत होते. ब्रश थांबला नाही.

"काय छापलं असेल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"शर्यत झाली, कोण जिंकलं..."

"खलाशी जिंकला. ते मला माहीत आहे."

"पण आजोबांचाही उल्लेख असेल."

"आणि नसला तर?" त्यांनी बूट उजेडात धरून पाहिला. "नसला तर आजोबा धावले नाहीत असं धरायचं का? त्यांच्या तोंडून ऐकलंय मी. ते साहेबाच्या पेपरवाल्याला कशाला विचारायचं?"

ते गेले नाहीत. मी जाऊ नये असं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मीही गेले नाही.

पुढची कहाणी थोडीच होती. साहेब विलायतेला गेला, आजोबा नगरला परतले. नाव झालं होतं. एका छोट्या संस्थानिकाने त्यांना पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठेवून घेतलं. पाहुणे जेवून गच्चीत बसत आणि आजोबा खालच्या माळावर घोडागाडीशी शर्यत लावत. जत्रांमधून धावले. पलटणीतल्या गोऱ्या शिपायांशी धावले. कुठे फेटा मिळाला, कुठे नारळ. मग एका पावसाळ्यात चिखलात पाय मुरगळला आणि गुडघा कायमचा दुखायला लागला. संस्थानिकाने दुसरा माणूस ठेवला. आजोबा नगरपालिकेच्या रस्त्यांवर खडी फोडायला लागले. मुलाला, म्हणजे काकांच्या वडिलांना, त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: कोणाच्या सांगण्यावरून पळायचं नाही. वडील शाळामास्तर झाले आणि त्यांनी ते वाक्य काकांना देताना थोडं लहान केलं. पळायचं नाही.

सिंगापुरातल्या मराठी मंडळींना ही गोष्ट उडत उडत ठाऊक होती. एका वर्षी कोणीतरी ईस्ट कोस्ट पार्कमध्ये मदतनिधीसाठी सकाळची दौड ठेवली आणि थोर धावपटूचे नातू म्हणून काकांना झेंडा दाखवायला बोलावलं. काकूंनी जायला लावलं. शेदीडशे लोक टीशर्ट घालून रेषेवर उभे, लहान मुलं, बाबागाड्या. संयोजकाने माइक दिला, दोन शब्द बोला म्हणाला. काकांनी सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं.

"सावकाश जा," ते म्हणाले आणि झेंडा खाली केला.

लोकांना तो विनोद वाटला. खूप हसले.

टीव्हीवर मॅरेथॉन असली की मात्र ते समोरून हलत नसत. पुढच्यांत त्यांना रस नव्हता. पहिला आला की आम्ही उठायचो, तेव्हा ते म्हणत, "पहिला कोण ते उद्या पेपरात येतं. शेवटचा आत्ताच बघून घ्यावा लागतो." पण टीव्हीवाले शेवटच्याला कधीच दाखवत नसत.

अशा घरात मित्राने एका संध्याकाळी जेवताना सांगितलं की शाळेच्या क्रॉस कंट्रीच्या संघात तिची निवड झाली आहे.

काकूंनी वाढता वाढता हात थांबवला. त्यांना ते आधीच माहीत होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. सराव कधीपासून चालला होता, आणि आम्हाला सांगितलं होतं ग्रुप प्रोजेक्ट म्हणून.

"कोणी सांगितलं तुला पळायला?" काकांनी विचारलं.

"टीचर आस्क्ड हू वॉन्ट्स टु ट्राय. आय पुट अप माय हॅन्ड."

"नाही म्हणून सांग."

"व्हाय?"

काकांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "का ते तुला माहीत आहे. पणजोबांची गोष्ट तुला पाठ आहे."

"पाठ आहे," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने मराठीत म्हटले आणि पुढचं तिच्या भाषेत. "पणजोबा रॅन बिकॉज दे मेड हिम रन. ओके, आय नो. बट नोबडी मेक मी. आय रन बिकॉज आय लाइक, व्हॉट."

काका ओरडतील असं मला वाटलं. त्यांचं ओरडणं मी तोवर ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही ऐकलं नाही. ते उठले, हात धुतले, बूट घातले आणि एकटेच फिरायला गेले. मी गेले नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. मित्रा जेवली नाही. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आवडतं म्हणालीस ना, ते बरोबर बोललीस. ते त्यांनी आजवर कधी ऐकलेलं नाही."

परत आल्यावर काकांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. पुढचे काही आठवडे घरात दोघांचं बोलणं अगदी कामापुरतं होतं. मित्रा सरावाला जात राहिली, आता उघडपणे. सकाळी तिचे चिखलाचे कॅनव्हासचे बूट दाराशी पडलेले असत. एका रविवारी मी उठून बाहेर आले तर काका आपले काळे बूट पॉलिश करून झाल्यावर तिचे बूट घासत बसले होते. मला पाहून म्हणाले, "टाच एका बाजूने झिजली आहे. डाव्या पायावर भार टाकते." पुन्हा ब्रश चालू.

शर्यत बेडोक रिझर्वॉयरच्या काठावर होती. जागा जवळची म्हणून सकाळी आम्ही तिघं चालत गेलो. काका येतील असं काकूंना वाटलं नव्हतं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. मुलींची झुंबड, शिट्ट्या, लाउडस्पीकर, पाण्याचे कॅन. पालक शेवटच्या रेषेपाशी गर्दी करत होते. काका तिथे थांबले नाहीत. पायवाट जिथे पाण्याकाठाने वळते तिथे झाडाखाली जाऊन उभे राहिले. आम्हीही गेलो.

मुली आल्या. पुढे एक उंच मलाय मुलगी, तिच्या मागे तिघी-चौघींचा घोळका, मग थोडं अंतर आणि मग मित्रा. केस कपाळाला चिकटलेले, एका गुडघ्याला चिखल. कुठेतरी घसरली होती. तिच्या शेजारून एक चिनी मुलगी पळत होती आणि दोघी पळता पळता एकमेकींना काहीतरी सांगत होत्या. मी हाक मारली. तिने आमच्याकडे पाहिलं, बाबांना पाहिलं, हात वर केला आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

काकांनी मान कलती करून घेतली होती आणि डोळे मिटले होते. मला आधी वाटलं त्यांना पाहवत नाही. नंतर ध्यानात आलं की ते मागून श्वास ऐकत होते.

ती पहिल्या तिघींत नव्हती. पहिल्या दहांत असेल, नक्की कोणी पाहिलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ती आणि ती चिनी मैत्रीण गवतावर उताण्या पडून हसत होत्या. इतक्या हसत होत्या की त्यांना उठता येईना.

"जिंकलीस का?" काकांनी विचारलं.

"नो, लाह."

"मग हसतेस कशाला?"

ती उठून बसली. चेहरा लालबुंद, तोंडाला गवत लागलेलं. "शिओक, बाबा. सो शिओक."

हा इथल्या मुलांचा शब्द. गरम सूप, एसीची गार हवा, लांब सुट्टी, जे जे आतून सुख देतं त्याला ती शिओक म्हणतात. काकांना तो शब्द माहीत होता. तरी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते तिच्याकडे पाहत राहिले.

तिथून आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या एका छताखालच्या खाऊगल्लीत, नाश्त्याला गेलो. मित्राने नूडल्सचा मोठा वाडगा घेतला आणि मान खाली घालून खायला लागली. काकांसमोर कॉफी होती. तिच्यावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. मग ते मुलीकडे बघून बोलायला लागले, आणि हा तुकडा मी कधी ऐकला नव्हता.

"मी लहान होतो. सुट्टीत आजोबांकडे गावी असायचो. त्यांचा गुडघा गेलेला, काठी घेऊन चालायचे. पहाटे उठून नदीकडे जायचे. एकदा मी त्यांच्या मागून गेलो, त्यांना कळू न देता. उन्हाळा होता, नदी कोरडी. पात्रात वाळू. त्यांनी काठी दगडाला टेकवून ठेवली, धोतर वर खोचलं, आणि पळायला लागले."

मित्राने खायचं थांबवलं.

"लंगडत पळत होते. पण पळत होते. तिथे कोणीही नव्हतं. साहेब नाही, घोडा नाही, पंच नाही. पात्राच्या त्या टोकाला गेले, परत आले. मी बाभळीमागे होतो, त्यांचा चेहरा मला दिसला. मग त्यांनी काठी घेतली आणि म्हाताऱ्यासारखे घरी आले."

"तुम्ही विचारलं नाही त्यांना?" मी म्हटलं.

"वडिलांना जाऊन सांगितलं. मला वाटलं वडील खूश होतील. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, हे कोणाला बोलायचं नाही. गावाला कळलं तर हसतील. म्हणतील, दीक्षा घेतली, पोरं शिकली, तरी म्हाताऱ्याची पळायची खोड गेली नाही." काकांनी कप फिरवून त्याचा कान दुसऱ्या बाजूला केला. "म्हणून मी नाही बोललो. पुढे गोष्ट सांगायला लागलो तरी एवढं गाळायचो. कुठे बसवायचं तेच कळायचं नाही."

"इतकी वर्षं मलाही नाही सांगितलंत," काकू हळूच म्हणाल्या.

"नाही सांगितलं."

"चेहरा कसा होता?" मित्राने विचारलं. मराठीत.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर अजून घाम होता, तोंडाच्या कडेला गवताची काडी तशीच होती.

"आत्ता तुझा होता तसा," ते म्हणाले.

"देन ही लाइक, बाबा."

"हो," ते म्हणाले. "आवडत होतं त्यांना." आणि गार झालेली कॉफी त्यांनी एका दमात पिऊन टाकली.

मी त्या घरात आणखी वर्षभर होते. मी परतल्यावर कळलं की मित्रा एकूण दोन वर्षं धावली आणि नंतर वादविवादाच्या नादाला लागून तिने ते सोडलं. घरात कोणी त्याचं दुःख केलं नाही. काका शेवटपर्यंत सावकाशच चालले. मला निरोप द्यायला विमानतळावर आले तेव्हाही आम्ही इतके रमतगमत गेलो की माझं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं गेलं.

पण घरी पाहुणे आले आणि कोणी आजोबांचा विषय काढला, की ते आता कोरड्या नदीपासून सुरुवात करत. पहाट, वाळू, दगडाला टेकवलेली काठी, आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय पळणारा एक म्हातारा. ते सांगण्यात ते इतके रंगत की साहेब आणि त्याचा घोडा येईपर्यंत जेवणं होऊन गेलेली असत.